‘तो’ म्हणू की ‘ती’? सरकारी खुर्चीतल्या माणसाच्या तोंडी शब्द कोणी घालायचे

मागच्या आठवड्यात धुळ्याहून अमळनेरला येताना एसटीत शेजारी माझा एक जुना विद्यार्थी बसला. आता तो पंचायत समितीत कारकून आहे. मोबाइलवर बातमी वाचता वाचता तो थबकला आणि म्हणाला, “सर, हाऊ काय प्रकार शे? ‘तो’ आनि ‘ती’वर कायदा?” बातमी अमेरिकेतली होती. तिथल्या काही राज्यांनी असे कायदे केले आहेत, की सहकाऱ्याला किंवा कामासाठी आलेल्या माणसाला त्याच्या पसंतीच्या सर्वनामानेच बोलवा, अशी सक्ती सरकारी नोकरावर करता येणार नाही.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. नामाऐवजी येतो तो शब्द सर्वनाम, एवढं पाचवीच्या मुलालाही पाठ असतं. त्या एवढ्याशा शब्दावर कायदेमंडळात भांडणं व्हावीत, याचं त्याला नवल वाटलं. मला ते वाटलं नाही, कारण हा वाद व्याकरणाचा नाहीच. बस अमळनेरला पोहोचेपर्यंत त्याला जे सांगितलं ते, आणि घाईत राहून गेलं ते, इथे नीट मांडतो.

आधी दोन शब्द

पहिला शब्द ‘सक्तीचं बोलणं’. आपल्याला सरकारने बोलू दिलं नाही, तोंड दाबलं, ही तक्रार ओळखीची आहे. त्याची उलटी बाजू म्हणजे सरकारने आपल्याकडून काही वदवून घेणं. ‘वदवणं’ हे क्रियापद मराठीत मुळातच आहे. पोलिसांनी कबुली वदवून घेतली, असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला जबरदस्तीचा वास आपोआप येतो.

दुसरा ‘पसंतीचं सर्वनाम’. जन्माच्या वेळी ज्याची नोंद ‘मुलगा’ अशी झाली, पण जी व्यक्ती स्वतःला स्त्री समजते आणि तशीच जगते, तिला लोकांनी ‘ती’ म्हणावं असं वाटतं. कोणाला ‘तो’ही नको असतं आणि ‘ती’ही. इंग्रजीत अशांसाठी ‘दे’ हे अनेकवचनी सर्वनाम एका माणसाला वापरतात. मराठीत तसं करता येत नाही. का, ते शेवटी सांगतो.

कायदे म्हणतात तरी काय

हे कायदे तीन निरनिराळ्या दिशांचे आहेत आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते.

एक दिशा आयडाहोची. त्या राज्याने २०२४ मध्ये कायदा केला, की सरकारी नोकराने दुसऱ्याच्या पसंतीचं सर्वनाम किंवा संबोधन वापरलं नाही म्हणून त्याच्यावर कारवाई करता येणार नाही. वायोमिंगने २०२५ मध्ये तोच रस्ता धरला. दुसरी दिशा कॅनडाची. तिथे २०१७ मध्ये मानवी हक्क कायद्यात आणि फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन लिंगओळखीवरून भेदभाव करायला मनाई झाली. त्या दुरुस्तीत ‘सर्वनाम’ हा शब्दही नाही. पण जाणूनबुजून चुकीचं सर्वनाम वापरणं हाच भेदभाव ठरला तर ती आडवाटेने आलेली सक्तीच होईल, असा विरोधकांचा मुद्दा होता.

तिसरी दिशा लोकांच्या लक्षात येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत नवे अध्यक्ष आल्यावर पहिल्या काही दिवसांतच केंद्रीय खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना हुकूम गेला: ई-मेलच्या सहीखाली आपली सर्वनामं लिहिली असतील तर काढून टाका. म्हणजे एकीकडे ‘कोणाच्या तोंडी शब्द घालू नका’ असे कायदे, आणि दुसरीकडे ‘स्वतःबद्दलचा हा शब्द पुसा’ असा हुकूम. दोन्हींमागचा राजकीय कल एकच. पण तत्त्व जपायचं असेल तर दुसऱ्या हुकुमालाही तोच प्रश्न विचारावा लागेल. एखादी बाई सहीखाली ‘ती’ लिहिते, त्याने कोणाच्या जिभेवर जबरदस्ती होते? मला तरी उत्तर सापडलेलं नाही.

खुर्चीचं बोलणं आणि माणसाचं बोलणं

खरी गाठ इथे आहे. भुसावळ जंक्शनवर गाडीची घोषणा करणारी बाई ‘मला ही गाडी आवडत नाही, तिचं नाव घेणार नाही’ असं म्हणू शकत नाही. कंडक्टर तिकीट विचारतो, कोर्टातला शिपाई पुकारा करतो, तलाठी आप्पा सातबाऱ्यावर जसं आहे तसं वाचून दाखवतात. हे बोलणं त्यांचं स्वतःचं नाही, खुर्चीचं आहे. पगार त्याचाच मिळतो.

पण तोच कंडक्टर डेपोत चहा पिताना कोणाला मत द्यावं हे बोलतो, किंवा देव मानत नाही म्हणून सांगतो, ते बोलणं माणसाचं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लॉस एंजलिसच्या एका सरकारी वकिलाच्या खटल्यात हा फरक पक्का केला. नोकरीचं कर्तव्य म्हणून सरकारी नोकर जे बोलतो किंवा लिहितो, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही; वरिष्ठ त्यावर नियम घालू शकतात. म्हणजे खिडकीवरच्या कारकुनाला ‘समोरच्याला असंच संबोधा’ असं सांगितलं गेलं, तर तो राज्यघटनेचा आधार घेऊन फार लांब जाऊ शकत नाही. जे संरक्षण घटनेतून सहज मिळत नव्हतं ते काही राज्यांनी साध्या कायद्याने देऊन टाकलं. ‘सर्वनामावर कायदा कशाला’ याचं बरंचसं उत्तर यात आहे.

विद्यापीठाची गोष्ट मात्र वेगळी ठरली. ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात एका विद्यार्थिनीने प्राध्यापकांना सांगितलं, मला स्त्री म्हणून संबोधा. ती पारलिंगी होती, म्हणजे जन्माची नोंद मुलगा अशी, पण स्वतःला स्त्री मानणारी. प्राध्यापकांनी धार्मिक श्रद्धेचं कारण देऊन नकार दिला, पण मधली वाट सुचवली: तिला फक्त आडनावाने हाक मारतो, कोणतंच संबोधन लावत नाही. विद्यापीठाने ते मानलं नाही आणि त्यांना लेखी ताकीद दिली. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने प्राध्यापकांच्या बाजूने कौल दिला, कारण वर्गातलं अध्यापन हे निव्वळ खुर्चीचं बोलणं नव्हे. २०२२ मध्ये विद्यापीठाने चार लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. ती आडनावाची मधली वाट लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

केरळची तीन भावंडं

‘गप्प राहण्याचा हक्क’ ही अमेरिकेतून आणलेली कल्पना आहे असं कोणी म्हणालं तर त्याला बिजो इमॅन्युएलचा खटला सांगावा.

१९८५ सालची गोष्ट. केरळमधली तीन भावंडं, बिजो, बिनू मोल आणि बिंदू, यहोवाचे साक्षीदार या पंथाची. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या श्रद्धेनुसार अशी स्तुती फक्त देवाची. त्यांना शाळेतून काढलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींच्या निकालाचा गाभा असा, की राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचं स्वातंत्र्यही येतं, आणि मुलं आदराने उभी होती, त्यांनी कोणाचा अपमान केला नव्हता.

अमेरिकेत याच पंथाच्या मुलांमुळे १९४३ मध्ये असाच निकाल लागला होता. ध्वजाला सलामी आणि निष्ठेची प्रतिज्ञा शाळा सक्तीने म्हणवून घेऊ शकत नाही, असं न्यायालयाने भर महायुद्धात सांगितलं, आणि तेही तीनच वर्षांपूर्वीचा स्वतःचा उलटा निकाल बाजूला सारून.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मुलांचं उभं राहणं. ती गायली नाहीत, पण खाली बसून खिदळलीही नाहीत. पुढचा सगळा वाद याच दोन टोकांत आहे.

आपल्याकडे असं कुठे असतं?

आहे. महाराष्ट्रातच आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी जाहीर केलं, की सरकारी कर्मचाऱ्यांनी फोन उचलल्यावर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं. काही मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला. मग सक्ती नाही, असा खुलासा झाला आणि ऑक्टोबरमध्ये शासन निर्णय निघाला तो आवाहनाच्या सुरात. सरकारी फोनवरचा पहिला शब्द खुर्चीचा, की तो बोलणाऱ्याच्या श्रद्धेपर्यंत पोहोचतो? प्रश्न तोच, फक्त सर्वनामाऐवजी अभिवादन.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०२५ चं. शासनाने सरकारी, निमसरकारी कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत मराठीत बोलणं बंधनकारक केलं. परदेशी आणि अमराठी राज्यांतून आलेल्या अभ्यागतांचा अपवाद ठेवला. हीसुद्धा बोलण्यावरची सक्तीच, पण ही मला खटकत नाही. भाषा हे लोकांपर्यंत पोहोचण्याचं साधन आहे. मराठीत बोललं म्हणून कोणत्याही श्रद्धेची कबुली द्यावी लागत नाही. (फक्त अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातून भिली किंवा पावरी बोलणारी म्हातारी आली तर तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारा कारकून जास्त चांगला, हे माझं ठाम मत.)

म्हणजे सक्ती आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. ती कामापुरती आहे, की मनातल्या विश्वासाची कबुली मागते? सर्वनाम अवघड आहे ते यासाठी. एकाला तो पत्त्यासारखा साधा शब्द वाटतो. दुसऱ्याला वाटतं, ‘ती’ म्हटलं की मी स्त्री-पुरुषाबद्दलचं एक मतच मान्य केलं.

पण खिडकीसमोर उभा माणूस?

बोलणाऱ्याच्या हक्कावर बोलताना ज्याच्याबद्दल बोललं जातं तो विसरला जातो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांबाबतचा मोठा निकाल दिला. त्यात म्हटलं, की आपली लिंगओळख पेहरावातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हासुद्धा कलम १९(१)(अ) चाच भाग आहे. पुन्हा वाचा: तेच कलम. इमॅन्युएल भावंडांना गप्प राहण्याचा हक्क ज्या कलमाने दिला, त्यानेच समोरच्याला स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क दिला. त्यानंतर २०१९ च्या कायद्याने नोकरीत आणि सेवांमध्ये भेदभावाला बंदी केली आणि तृतीयपंथी व्यक्तीला शब्दांनी, मानसिक रीतीने छळणं हाही गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड.

आणि आमच्या खानदेशातलं भादली बुद्रुक. जळगाव तालुक्यातलं गाव. ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठी राखीव वॉर्डातून अर्ज भरला. तुम्ही तृतीयपंथी आहात, म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितलं, की त्यांनी स्वतःची ओळख स्त्री म्हणून निवडली आहे, तेव्हा महिलांच्या जागेवरून त्या लढू शकतात; मात्र ही निवड आयुष्यभराची, सोयीनुसार फिरवता येणार नाही. अंजलीताई लढल्या आणि निवडून आल्या. ज्यांनी मतं दिली ते शेतकरी, मजूर, बायाबापड्या होत्या. त्यांच्यासमोर अमेरिकेतला वाद नव्हता. समोर एक ओळखीची बाई उभी होती.

आता कल्पना करा, निवडून आल्यावर अशा सदस्याला ग्रामपंचायतीतला कोणी कर्मचारी मुद्दाम ‘तो सदस्य आला’ म्हणतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाने काय बिघडतं? मी एकदा एका सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे साडी नेसलेली एक तृतीयपंथी व्यक्ती होती. आतून बाबूने कागद पाहिला, वर पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, “तू काय शेस रे? गडी का बाई?” रांग हसली. त्यांनी कागद घडी करून कनवटीला लावला आणि काम न करताच निघून गेल्या. मीही काही बोललो नाही, आणि ते मला अजून सलतं. त्या दिवशी त्यांचा नाकारला गेला तो सन्मान तर होताच, पण दाखलाही होता.

‘मग मी मनाविरुद्ध खोटं बोलू का?’

हा आक्षेप मी हलका मानत नाही. एखाद्याची प्रामाणिक श्रद्धा असते, की स्त्री-पुरुष हे देवाने ठरवलेलं. त्याच्याकडून ‘मी असं मानतो’ हे वदवून घेण्याचा सरकारला अधिकार नाही. प्रशिक्षणात ‘अमुक विचार योग्य आहे’ असं लेखी लिहून मागणं, न मानणाऱ्याची बढती रोखणं, हे चुकीचं आहे, आणि त्यापुरतं आयडाहोच्या कायद्याचं म्हणणं मला पटतं. सरकारी नोकर झाला म्हणून माणूस आपले मूलभूत हक्क दारात काढून ठेवत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच बिहारच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं आहे.

पण आयडाहोच्या त्या कायद्यात खिडकीसमोर उभ्या माणसाचा विचार अर्धवट आहे. ‘नको असलेला शब्द वापरायची सक्ती नाही’ आणि ‘टोचणारा शब्द वापरायची मुभा आहे’ यांत फार मोठं अंतर आहे. केरळच्या मुलांना गाण्याची सक्ती नको होती. राष्ट्रगीत चालू असताना गोंधळ घालायची परवानगी त्यांनी मागितली नव्हती. कारकुनाने ‘ती’ म्हणू नये, एकवेळ चालेल. मुद्दाम ‘तो’ म्हणून चारचौघांत दुखवणं हे खुर्चीचं बोलणं नाही आणि श्रद्धेचंही नाही.

आपल्या घटनाकारांनी असा पेच एकदा सोडवून दाखवलाय. मंत्री शपथ घेताना ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणू शकतो, नाहीतर ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’. देव मानणारा आणि न मानणारा, दोघांचंही काम अडत नाही, आणि पदाच्या जबाबदारीत तसूभर फरक पडत नाही.

‘उद्या कोणी काहीही म्हणवून घेईल’

म्हणवून घेऊ द्या की. आपल्याकडे माणसं वर्षानुवर्षं आप्पा, नाना, तात्या, आबा म्हणवून घेतात. तिशीतल्या ग्रामसेवकाला सत्तरीचा शेतकरी ‘भाऊसाहेब’ म्हणतो. त्यासाठी कोणी जन्मदाखला मागत नाही. हाक आणि नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद बदलायची तर कायद्याची रीत आहे, कलेक्टरकडे अर्ज आहे, कागद आहेत. तुरुंग, रुग्णालयातले वॉर्ड, खेळाच्या स्पर्धा, आरक्षण इथे प्रश्न खरे आणि अवघड आहेत, पण ते नोंदीचे प्रश्न. त्यांची भीती घालून खिडकीवरची हाक बिघडवायचं कारण नाही.

नजरचुकीने चुकीचा शब्द गेला तर? तर ती चूक. माफ करा म्हणावं, पुढे चालावं. चुकीला शिक्षा करणारा नियम मलाही नको.

मराठीची अडचण आणि मराठीची वाट

इंग्रजीत फक्त सर्वनामात लिंग आहे, क्रियापदात नाही. मराठीत ते सगळीकडे झिरपलंय. ‘तो आला, ती आली’ तर आहेच, पण ‘मी आलो, मी आले’ यातही बोलणाऱ्याचं लिंग कळतं. मंत्रीसुद्धा शपथ ‘घेतो’ किंवा ‘घेते’. अहिराणीत तर ‘काय करी ऱ्हायना?’ आणि ‘काय करी ऱ्हायनी?’ म्हणून समोरच्यालाही वाटून टाकतो.

आणि नपुंसकलिंगी ‘ते’ इथे उपयोगाचं नाही. ‘ते आलं’ म्हणजे वासरू, पोर, नाहीतर पार्सल. मोठ्या माणसाला तसं म्हणणं घोर अपमान. ‘ते आले’ म्हटलं की आदरार्थी पुरुष झाला. इंग्रजीचा तोडगा जसाच्या तसा मराठीत लावायला निघालेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पण मराठीने आपली वाट आधीच करून ठेवली आहे. हे वाक्य पाहा: ‘त्यांनी अर्ज दिला, त्यांना पोच हवी आहे, त्यांचा नंबर आला.’ पुरुष की स्त्री? कळतच नाही, आणि आदर मात्र पुरेपूर. ‘त्यांनी’ आलं की क्रियापद कर्माकडे पाहतं. अर्ज दिला, माहिती दिली, पत्र दिलं. ‘तुम्ही आलात का’, ‘आपण सही करावी’, ‘अर्जदारांना कळवण्यात येते की’, सगळं तसंच. अहिराणीतलं ‘त्यासले काय पाह्यजे?’ तसंच. ओहायोच्या प्राध्यापकांना आडनावाची जी मधली वाट शोधावी लागली, ती आपल्या कचेरीच्या भाषेत जुनीच आहे. श्रद्धाळू कारकुनाला काही कबूल करावं लागत नाही, आणि समोरच्याचा मानही राखला जातो.

ज्यांनी स्पष्ट सांगितलंय की मला ‘ती’ म्हणा, त्यांना मी स्वतः ‘ती’च म्हणेन. ते माझं बोलणं आहे, माझ्या मनाने. कारकुनावर त्याची जबरदस्ती न करताही कार्यालयाला एक नियम घालता येईल: नाव कागदावर आहे तसं घ्या, अहो-जाहो करा, आणि गडी की बाई हे कामाला लागत नसेल तर विचारू नका.

अमळनेर आलं तेव्हा माझा विद्यार्थी पिशवी घेऊन उठला. त्याला एवढं सगळं नको होतं, त्याला सोमवारी खिडकीवर बसायचं होतं. “पन सर, असं कोनी समोर उनं ते पहिला शब्द काय काढू?”

मी म्हटलं, नाव वाच आणि ‘या, बसा’ म्हण.

“या, बठा,” त्याने म्हणून पाहिलं. “हाई ते आम्ही रोजच म्हंतस.”